गेमरगेटवर मराठीत लेख : कुठले आरोप पुराव्यावर टिकतात?

निळीशाई (धागाकर्ता)

२०१४ च्या गेमरगेट प्रकरणावर साधारण १५०० शब्दांचा मराठी लेख हातात आहे. वाचक गेम खेळणारे, पण त्या वेळी बहुतेक शाळेत असलेले. त्यांच्या कानावर हे प्रकरण दोन तयार वाक्यांतून आलंय. एक, "गेम-पत्रकारांचा भ्रष्टाचार बाहेर काढणारी चळवळ". दुसरं, "बायकांना छळणारी टोळी". दोन्ही वाक्यं मूळ तारखांशी आणि कागदांशी ताडून बघायची आहेत.

अडलेलं असं :

१. "चांगल्या परीक्षणाच्या बदल्यात संबंध" हा गेम बनवणाऱ्या झोई क्विन आणि गेम-पत्रकार नेथन ग्रेसन यांच्यावरचा मूळ आरोप. ते परीक्षण नेमकं कुठलं आणि कुठल्या तारखेचं?

२. नीतीच्या नावाने जे मुद्दे पुढे आले त्यातले टिकले कुठले? कुठल्या साइटने नियम बदलले का?

३. गेम-पत्रकारितेवर पैशाचा दबाव आला हे ज्यात शाबित झालंय अशी प्रकरणं कुठली? तुलनेसाठी दोन-तीनच घेता येतील.

४. लेखाच्या शेवटी मराठी गेमिंग चॅनेल चालवणाऱ्यांसाठी जाहिरात कशी जाहीर करायची याचे भारतातले नियम हवेत. अमेरिकेचे नियम इथे चिकटवून उपयोग नाही.

तळटीप

मुद्दा १ साठी कागदावर तारखांची उभी यादी करा आणि प्रत्येक आरोप त्या यादीवर ठेवून बघा. अर्धा गोंधळ तिथेच निवळतो.

गेम होता 'डिप्रेशन क्वेस्ट'. झोई क्विन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ट्वाइनवर (मजकुराचे गेम बनवायचं साधन) बनवलेला, वाचत-निवडत पुढे जायचा गेम. फेब्रुवारी २०१३ मध्ये वेबवर आला. फुकट खेळता यायचा, ज्याला द्यायचे त्याने मनाला येतील तेवढे पैसे द्यावेत. ऑगस्ट २०१४ मध्ये स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानात आला, तिथेही फुकट. लेखात या गेमचा पडदा जरूर दाखवा. वर परिच्छेद, खाली काही पर्याय. कुठलाही निरोगी माणूस सहज निवडेल तो पर्याय यादीत दिसतो, पण त्यावर आडवी काट मारलेली असते आणि तो निवडता येत नाही. नैराश्य वाढत गेलं की आणखी पर्याय काटले जातात. दिसतंय, कळतंय, पण हात पोचत नाही, एवढंच या गेमला सांगायचं होतं. ज्यांच्या लेखी गेम म्हणजे नेमबाजी, गुण आणि लेव्हल, त्यांना हा गेमच वाटला नाही. मग समीक्षकांनी कौतुक केलं कशाला, याचं उत्तर ते माणसांच्या खाजगी संबंधांत शोधू लागले. वादाचं जळण आधीच रचलेलं होतं ते असं.

आता तारखा. जानेवारी २०१४ मध्ये नेथन ग्रेसन यांनी रॉक पेपर शॉटगन या साइटवर, स्टीमने मान्यता दिलेल्या ५० गेमांची बातमी लिहिली. तिच्यात डिप्रेशन क्वेस्टचा कौतुकाचा उल्लेख आहे. ३१ मार्च २०१४ ला त्यांचाच लेख कोटाकु या गेम-बातम्यांच्या साइटवर आला, विषय एक फसलेला गेम-जॅम (ठरल्या थोड्या वेळात गेम बनवायची स्पर्धा) रिॲलिटी शो. क्विन त्या शोत होत्या म्हणून त्यांचं म्हणणं त्यात आहे. कोटाकुचे तेव्हाचे मुख्य संपादक स्टीवन टोटिलो यांच्या २० ऑगस्टच्या निवेदनानुसार दोघांचे संबंध सुरू झाले एप्रिलच्या सुरुवातीला. त्यानंतर ग्रेसन यांनी क्विन किंवा त्यांच्या गेमबद्दल कोटाकुवर काहीही लिहिलेलं नाही, आणि डिप्रेशन क्वेस्टचं परीक्षण तर कोटाकुने कधी केलंच नाही. १६ ऑगस्टला क्विन यांच्या आधीच्या जोडीदाराने लांबलचक ब्लॉग टाकला, ज्यावरून सगळं पेटलं. त्याच लेखकाने नंतर मजकुरात खुलासा घातला की एप्रिलपूर्वी असे शारीरिक संबंध होते याचा आपल्याकडे पुरावा नाही. २७ ऑगस्टला अभिनेते ॲडम बाल्डविन यांनी 'गेमरगेट' हा हॅशटॅग वापरला आणि तेच नाव पडलं.

म्हणजे ज्या परीक्षणाची लाच म्हणून चर्चा झाली ते परीक्षण अस्तित्वातच नाही. लिहिताना "उल्लेख", "बातमी" आणि "परीक्षण" हे तीन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवा. तिन्हींना सरसकट "रिव्ह्यू" म्हटलं की तिथेच चूक मुरते. जानेवारीचा उल्लेख मात्र गाळू नका. तो संबंधांच्या आधीचा आहे, पण ओळख कुठे संपते आणि हितसंबंध कुठे सुरू होतो हा प्रश्न त्याच्यावरून विचारता येतो, आणि तो प्रश्न रास्त आहे.

मुद्दा २. खरोखर टिकलं ते "जाहीर करा" एवढंच, पण ते टिकलं. पेट्रिऑन या वर्गणी गोळा करायच्या साइटवरून पत्रकार एखाद्या गेम बनवणाऱ्याला दरमहा पैसे देत असेल तर ते वाचकाला कळायला हवं की नको? कोटाकुने २६ ऑगस्टला आपल्या लेखकांना असे पैसे द्यायला मनाई केली, वार्तांकनासाठी गरजेचं असेल तेवढा अपवाद ठेवून. पॉलिगॉन या दुसऱ्या गेम-साइटने मनाई केली नाही, जाहीर करणं सक्तीचं केलं. एस्केपिस्ट या आणखी एका साइटने आपली नीतिसंहिता नव्याने लिहिली. कोटाकुच्या एका लेखिकेने मैत्रीतल्या लोकांच्या गेमांवर लिहिलेल्या जुन्या लेखांना खुलाशाच्या टिपा जोडल्या गेल्या. हे चारही बदल लेखात हवेत. ते गाळलेत तर पहिल्या वाक्यावर विश्वास असलेला वाचक पुढे वाचणारच नाही, आणि त्याचं चुकणार नाही.

'गेमजर्नोप्रोज' या ईमेल-गटाचं प्रकरण मधलं. वेगवेगळ्या साइटींचे पत्रकार त्यात एकत्र बोलायचे. सप्टेंबर २०१४ मध्ये ब्राइटबार्ट या उजव्या विचारांच्या अमेरिकी साइटने त्यातले ईमेल छापले. त्यांत काही जण क्विन यांच्या पाठीशी जाहीर उभं राहावं म्हणतात, काही जण असं करू नये म्हणतात. गट सुरू करणारे आर्स टेक्निका या तंत्रज्ञान-साइटचे काइल ऑर्लंड यांनी स्वतःच्या काही वाक्यांबद्दल जाहीर माफी मागितली. कट शाबित होत नाही, पण स्पर्धक संपादकांनी बंद दाराआड बातमीच्या मांडणीवर बोलावं का, हा प्रश्न उरतो. एवढंच लिहा, जास्त नको.

आता दुसरं वाक्य. रोष कुणाकडे गेला हे मोजलेलं आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूजवीकने ब्रँडवॉच या सोशल मीडिया तपासणाऱ्या कंपनीकडून १ सप्टेंबरपासूनच्या या हॅशटॅगच्या ट्विटांचा नमुना तपासून घेतला. क्विन यांना उद्देशून १०,४०० ट्विट, ग्रेसन यांना उद्देशून ७३२. आक्षेप पत्रकाराच्या वागण्यावर असता तर आकडे उलटे दिसले असते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे तर चोरीही झालेली नव्हती. मात्र या आकड्यांचा अर्थ ताणू नका. ट्विट कुणाला गेले हे ते सांगतात. त्यातलं प्रत्येक ट्विट शिवीगाळ होतं असं ते सांगत नाहीत. बहुतेक ट्विटांचा सूर त्या पाहणीत तटस्थ किंवा अनिश्चित निघाला होता.

छळाचा भाग आकड्यांनी नको, घटनांनी मांडा. ऑक्टोबर २०१४ मध्ये गेम बनवणाऱ्या ब्रिॲना वू यांचा पत्ता नेटवर टाकला गेला, धमक्या आल्या, त्यांना घर सोडावं लागलं. १४ ऑक्टोबरला युटा स्टेट युनिव्हर्सिटीला ईमेल आला की समीक्षक अनिता सार्कीशियन यांचं दुसऱ्या दिवशीचं व्याख्यान झालं तर गोळीबार होईल. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे परवानाधारकाला विद्यापीठाच्या आवारात शस्त्र नेता येतं, म्हणून दारावर कुणाला अडवता येणार नाही असं पोलिसांनी सांगितलं. सार्कीशियन यांनी व्याख्यान रद्द केलं.

मोजपट्टी

तळटीप यांच्या प्रतिसादाला एक महत्त्वाची जोड, मग मुद्दा ३.

"पत्रकारितेच्या नीतीसाठी" चाललेल्या मोहिमेचं सगळ्यात परिणामकारक हत्यार कुठलं होतं? जाहिरातदारांना पत्रं. नमुना-मजकूर तयार, जाहिरातदारांच्या पत्त्यांची यादी तयार. २८ ऑगस्टला गॅमासूत्रा या गेम-उद्योगाच्या साइटवर ली अलेक्झांडर यांचा मतलेख आला होता, 'गेमर' या साच्यातल्या ग्राहकाला धरून बसायची आता गरज नाही असं उद्योगाला सांगणारा. लेख बोचरा होता, त्यावर चिडणं समजू शकतं. पण ईमेलांच्या माऱ्यानंतर इंटेलने गॅमासूत्रावरच्या जाहिराती काढल्या. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आपण एका बाजूला उभे आहोत असं दिसलं याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि नोव्हेंबरात जाहिराती परत सुरू झाल्या. जाहिरातदाराने संपादकीय मजकुरावर दाब आणू नये हा पत्रकारितेच्या नीतीचा पहिला धडा. इथे नीतीच्या नावानेच तो दाब मागून घेतला गेला. लेखाचा कणा इथे आहे असं माझं ठाम मत आहे.

कारण याच्याशेजारी २००७ ठेवलं की चित्र पूर्ण होतं. गेमस्पॉट या साइटचे परीक्षक जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच : डेड मेन' या गेमला १० पैकी ६ गुण दिले. वाचक साइट उघडायचे तेव्हा डावी-उजवीकडची पार्श्वभूमी त्याच गेमच्या जाहिरातीने रंगवलेली असायची. नोव्हेंबरअखेर गर्स्टमन यांची नोकरी गेली. कंपनीने तेव्हा जाहिरातीशी संबंध नाकारला आणि गर्स्टमन करारामुळे बोलू शकत नव्हते. मार्च २०१२ मध्ये गेमस्पॉटची तेव्हाची मालक कंपनी सीबीएस इंटरॲक्टिव्हने त्यांची जायंट बॉम्ब ही साइट विकत घेतली, ती अट उठली, आणि त्यांनी सांगितलं की जाहिराती काढून घेण्याच्या धमक्यांपुढे व्यवस्थापन झुकलं होतं. खरं बाहेर यायला चार वर्षं लागली. अशा प्रकरणांत पहिल्या आठवड्यातल्या निवेदनावर लेख उभा करू नका.

पाणी मुरतं ते तीन ठिकाणी : जाहिरात, आगाऊ कॉपी आणि थेट पैसे. पहिल्याचं उदाहरण वर आलं.

आगाऊ कॉपीचं उदाहरण सायबरपंक २०७७. ७ डिसेंबर २०२० ला एम्बार्गो (ठरल्या तारखेआधी परीक्षण न छापायची अट) उठला, १० ला गेम आला. परीक्षकांना फक्त पीसीची कॉपी मिळाली होती. वर अट अशी की परीक्षणाच्या व्हिडिओत स्वतः टिपलेली दृश्यं वापरायची नाहीत, कंपनीने दिलेलीच वापरायची. पीसीवरचे गुण नव्वदीच्या घरात गेले, आणि पीएस४, एक्सबॉक्स वन या कन्सोलांवर गेम किती ढासळलाय हे लोकांना पैसे भरल्यावर कळलं. आठवडाभरात सोनीने गेम आपल्या दुकानातून काढला, तो जून २०२१ मध्ये परत आला. परीक्षक खोटं बोलले नव्हते. त्यांना दिसू दिलं तेवढंच त्यांनी सांगितलं, आणि ही अट ज्यांनी परीक्षणातच ठळक लिहिली त्यांनी वाचकाचं नुकसान वाचवलं.

याच दाबाची दुसरी बाजू : नोव्हेंबर २०१५ मध्ये टोटिलो यांनी जाहीर केलं की फुटलेल्या बातम्या छापल्यामुळे गेम-प्रकाशक बेथेस्डाने डिसेंबर २०१३ पासून आणि युबिसॉफ्टने साधारण वर्षभर कोटाकुशी बोलणं, आगाऊ कॉपी देणं, सगळं बंद केलेलं आहे. तारीख परत बघा. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जिच्यावर उद्योगाशी साटंलोटं असल्याचा आरोप होत होता, तिला एका मोठ्या प्रकाशकाने दारही उघडलेलं नव्हतं.

थेट पैशाची तीन प्रकरणं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तपासलेली आहेत, म्हणून कागद पक्के आहेत. मशिनिमा हे यूट्यूबवरचं गेमिंग नेटवर्क (सप्टेंबर २०१५) : एक्सबॉक्स वनच्या प्रचारात दोन यूट्यूबरांना १५,००० आणि ३०,००० डॉलर, व्हिडिओत पैशाचा शब्द नाही. वॉर्नर ब्रदर्स (जुलै २०१६) : 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या गेमसाठी यूट्यूबरांना काही शेकड्यांपासून दहा हजारांच्या पटीत डॉलर, शिवाय आगाऊ कॉपी. करारात अट की गेममधले दोष दाखवायचे नाहीत. जाहिरात असल्याचा खुलासा व्हिडिओखालच्या वर्णनात टाकायला सांगितला होता, तोही 'आणखी दाखवा' दाबल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. फेसबुकवर व्हिडिओ पाहणाऱ्याला तर ती जागा दिसतच नव्हती. मोहिमेतले व्हिडिओ ५५ लाखांहून जास्त वेळा पाहिले गेले. तिसरं सीएसगो लोटो (सप्टेंबर २०१७) : दोन यूट्यूबर जुगाराच्या एका साइटवर जिंकतानाचे व्हिडिओ टाकत होते आणि ती साइट त्यांच्याच मालकीची होती. इतर इन्फ्लुएन्सरांना त्यांनी २,५०० ते ५५,००० डॉलर दिले होते. कमिशनने थेट इन्फ्लुएन्सर व्यक्तींवर केलेली ही पहिली कारवाई.

दोनच घ्यायची असतील तर गर्स्टमन आणि मॉर्डोर घ्या. एकात पत्रकाराची नोकरी गेली, दुसऱ्यात प्रेक्षकाची फसवणूक झाली, आणि दोन्हीकडे पैसा कुठून कुठे गेला ते दाखवता येतं. फुकटच्या गेमबद्दलच्या आरोपात हीच गोष्ट दाखवता येत नाही.

रेषेबाहेर

मुद्दा ४. भारतात दोन थर आहेत, ते एकमेकांत मिसळू नका.

पहिला ॲस्की, म्हणजे मुंबईची जाहिरात मानक परिषद. ही उद्योगाने स्वतः घालून घेतलेली शिस्त आहे, सरकारी खातं नव्हे. इन्फ्लुएन्सरांसाठीचे तिचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. व्हिडिओतली पट्टी किती वेळ दिसायला हवी हे त्यात सेकंदांत दिलंय :

१५ सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ : किमान ३ सेकंद.
१५ सेकंदांहून मोठा, २ मिनिटांहून लहान : एकूण लांबीच्या एक-तृतीयांश वेळ. म्हणजे ४५ सेकंदांच्या शॉर्टवर १५ सेकंद.
२ मिनिटं किंवा जास्त : ज्या भागात त्या मालाचा किंवा त्याच्या गुणांचा उल्लेख आहे तो पूर्ण भाग.
लाइव्ह : सुरुवातीला आणि शेवटी तोंडाने सांगायचं.

मराठी चॅनेलांवर नेहमी चुकतं ते इथे. यूट्यूबच्या सेटिंगमधली 'पेड प्रमोशन' ची खूण केली की काम झालं असं धरतात. ती पाटी व्हिडिओच्या सुरुवातीला १० सेकंद येते. बारा मिनिटांच्या व्हिडिओत हेडफोनची जाहिरात ६:१० ते ७:४० असेल तर तिथे ती पाटी केव्हाच गेलेली असते. त्या ९० सेकंदांवर एडिटिंगमध्येच 'जाहिरात' अशी पट्टी चढवा. अक्षर फोनवर आडवं न धरता वाचता येईल एवढं, आणि गेमच्या मिनिमॅपवर किंवा गोळ्यांच्या आकड्यावर येणार नाही अशा कोपऱ्यात.

वर्णनात लिहिताना पहिल्या दोन ओळींत, 'आणखी दाखवा' च्या वर. वीस हॅशटॅगांच्या गर्दीत घुसवलेला शब्द चालत नाही. चॅनेलच्या माहितीत "आम्ही कधीकधी स्पॉन्सरशिप घेतो" असं एकदा लिहून ठेवणंही पुरेसं नाही. मोजपट्टी यांनी सांगितलेली मॉर्डोरची चूक इथे नियमानेच बंद केलेली आहे, तेवढा दुवा लेखात जोडून द्या.

दुसरा थर कायद्याचा : ग्राहक संरक्षण कायदा २०१९, त्याखालचं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आणि ९ जून २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वं. दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिवाय शिफारस करणाऱ्याला पहिल्या वेळी वर्षापर्यंत आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत जाहिरात करायला बंदी घालता येते. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सरांसाठी वेगळी पुस्तिका काढली. तिच्यात खुलासा कशाकशाचा करायचा याची यादी आहे : पैसे, फुकट वस्तू (अट असो वा नसो), सवलत, प्रवास, हॉटेल, पुरस्कार, आणि कौटुंबिक, वैयक्तिक किंवा नोकरीचं नातं. "वैयक्तिक नातं" हे शब्द अधोरेखित करा. २०१४ मध्ये जो प्रश्न आरडाओरड्यात बुडाला त्याचं उत्तर इथे एका ओळीत आहे : नातं असेल तर सांगा, आणि सांगून लिहा. खुलासा ज्या भाषेत शिफारस आहे त्याच भाषेत हवा, म्हणून मराठी व्हिडिओवर 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' लिहा.

फुकट मिळालेल्या कॉपीसाठी हा नमुना ठेवा : "या गेमची कॉपी प्रकाशकाने मोफत दिली आहे. परीक्षण प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांना दाखवलेलं नाही. खेळलेलं यंत्र : पीसी. खेळलेले तास : २२. प्रकाशकाची अट : अमुक तारखेपूर्वी प्रसिद्ध करू नये, शेवटचं प्रकरण दाखवू नये." यंत्र आणि अट या दोन ओळी कुठलाही नियम मागत नाही, पण सायबरपंकच्या वेळी प्रेक्षकाला नेमक्या याच हव्या होत्या.

आणि पैसे लावून खेळायच्या ॲपची जाहिरात आता खुलाशाने भागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशा खेळांची जाहिरात हाच गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२० पासून अशा जाहिरातींखाली "आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते" छापाची ॲस्कीची सूचना असायची. ती सूचना टाकली म्हणजे सुटलो असं समजणाऱ्यांना हे लेखात स्पष्ट सांगा. जुने प्रायोजित व्हिडिओ अजून चॅनेलवर उभे असतील तर तेही तपासायला सांगा.

अनुस्वार

भाषेबद्दल थोडं. झोई क्विन स्वतःसाठी इंग्रजीत 'दे' हे सर्वनाम वापरतात. वर तळटीप यांच्या प्रतिसादात एके ठिकाणी "क्विन त्या शोत होत्या" असं आलंय, ते लेखात टाळता येईल. मराठीत आदरार्थी बहुवचनाने निम्मं काम होतं : "क्विन यांनी बनवला", "क्विन यांना धमक्या आल्या", "क्विन म्हणतात". अडचण भूतकाळी क्रियापदात येते, म्हणाले की म्हणाल्या. तिथे वाक्य फिरवा : "क्विन यांचा त्या शोत सहभाग होता", "क्विन यांचं म्हणणं असं होतं". कृत्रिम वाटत नाही. सार्कीशियन आणि वू यांना सरळ 'त्या'.

१६ ऑगस्टच्या ब्लॉगचा दुवा देऊ नका आणि त्यातला खाजगी तपशील उतरवू नका. नीतीच्या प्रश्नाला त्यातली एकच गोष्ट लागते, तारीख, आणि ती वर आलेली आहे. धमक्यांचा मजकूरही छापू नका. कधी, कोणाला, कुठल्या मार्गाने आली आणि त्यावर काय झालं, एवढ्याने गांभीर्य पोचतं. मजकूर छापला की तोच कापून पुढे फिरतो.

चौकट द्यायला जागा असेल तर छळ होत असलेल्याने पुरावा कसा ठेवायचा ते द्या. स्क्रीनशॉटमध्ये पूर्ण पत्ता, तारीख-वेळ आणि खात्याचं हँडल दिसायला हवं. वरचं दर्शनी नाव कुणीही कितीदाही बदलू शकतं. स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवरून फिरवू नका, तिथे फाइल दाबली जाते आणि मूळ राहत नाही. मूळ फाइल तशीच ठेवून तिचा हॅश (फाइल बदलली की बदलणारा, तिची ओळख पटवणारा कोड) काढा, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो भरावा लागतो. ब्लॉक करण्याआधी हे सगळं करा, ब्लॉक केल्यावर बरंच दिसेनासं होतं. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात. धमकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१, आणि बाईचा नेटवर पाठलाग होत असेल तर ७८.

निळीशाई (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. "परीक्षण" हा शब्द मसुद्यात चार ठिकाणी चुकीचा पडला होता, चारही बदलले. ब्लॉगचा दुवा काढला. इंटेल आणि गर्स्टमन शेजारी-शेजारी घेऊन लेखाचा मधला भाग नव्याने लिहायला घेतलाय.

एक राहिलं. आजचा वाचक परीक्षणापेक्षा स्टीमवरची टक्केवारी बघतो. तिथे झुंडीने केलेले निगेटिव्ह रिव्ह्यू आणि खरी तक्रार यांत फरक कसा ओळखायचा हे दोन वाक्यांत सांगता येईल का?

तळटीप

अनुस्वार, चूक मान्य.

निळीशाई, दोन वाक्यांत नाही होणार, थोडी जागा द्या. गेमच्या पानावर रिव्ह्यूंचा आलेख असतो. त्यात निगेटिव्हचा उभा खांब एकदम दिसला की आधी ती तारीख टिपा, मग त्या तारखेला काय बदललं ते शोधा : अपडेट, किंमत, अट, की गेमबाहेरचं काही विधान. मग त्या दिवसांचे २०-२५ रिव्ह्यू उघडून प्रत्येकावर लिहिलेले खेळलेले तास बघा. तास भरपूर आणि तक्रार एकच नेमकी असेल तर ती ग्राहकाची तक्रार आहे, झुंडीने आली म्हणून खोटी ठरत नाही. मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ या गेमला सोनीचं पीएसएन खातं जोडायची सक्ती जाहीर झाली तेव्हा तीन दिवसांत दोन लाखांवर निगेटिव्ह पडले आणि सोनीने सक्ती मागे घेतली, ते या प्रकारात बसतं. तास शून्याच्या आसपास आणि मजकूर गेमबद्दल नसून बनवणाऱ्या माणसाबद्दल असेल तर तो दुसरा प्रकार. मार्च २०१९ पासून स्टीम 'विषयाबाहेरचा' ठरवलेला कालखंड टक्केवारीतून वगळतं. तसा वगळलेला भाग असेल तर टक्केवारीशेजारी तारा असतो आणि आलेखावर खूणही असते.

स्टीमबाहेरून मिळालेली की (गेम सुरू करायचा कोड) वापरून लिहिलेले रिव्ह्यू सप्टेंबर २०१६ पासून टक्केवारीत धरले जात नाहीत, पण खाली वाचायला मिळतात. "मोफत मिळाला" ही खूण लिहिणाऱ्याने स्वतः लावायची असते, म्हणून ती नसली तर काहीच शाबित होत नाही. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवरचा वापरकर्त्यांचा आकडा पहिल्या दीड दिवसाचा असेल असं धरू नका : 'द लास्ट ऑफ अस भाग २' वरच्या माऱ्यानंतर, जुलै २०२० पासून, गेम आल्यावर ३६ तास तिथे वापरकर्त्यांना रिव्ह्यू टाकता येत नाही. लेखात आकडा देताना कुठल्या दिवशी पाहिला ती तारीख शेजारी छापा, उद्या तो वेगळा असेल.